मायटोकॉन्ड्रियाची सप्लिमेंट्स सुरू करण्याआधी : ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

मुलाला ऑटिझम असल्याचं कळल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरात तीन गोष्टी येतात. रिपोर्टांची फाइल, थेरपीचं वेळापत्रक आणि सप्लिमेंट्सची यादी. ही यादी डॉक्टरांनी दिलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, नाहीतर अमेरिकेतल्या मावशीकडून आलेली असते. तिच्यात कोएन्झाइम क्यू-१०, एल-कार्निटीन, बी-कॉम्प्लेक्स, फोलिनिक अ‍ॅसिड, अल्फा लिपोइक अ‍ॅसिड ही नावं हमखास असतात आणि वर एक वाक्य असतं : ऑटिझमच्या मुलांचे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेले असतात.

काही मुलांच्या बाबतीत हे खरं आहे, सगळ्यांच्या नाही. तुमचं मूल त्या काहींमध्ये आहे का, हे बाटली उघडण्याआधी शोधायचं, कारण बाटली उघडली की शोधणं अवघड होतं. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. इथले डोस आणि नावं डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून दिली आहेत, घरच्या घरी सुरू करण्यासाठी नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी

शाळेच्या पुस्तकात आपण तंतुकणिका म्हणून शिकलो त्याच या मायटोकॉन्ड्रिया. खाल्लेल्या अन्नातून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा त्या तयार करतात. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण मोठ्या माणसाच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा खातो. लहान मुलांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. त्यामुळे ऊर्जा कमी पडली की मेंदू, स्नायू, हृदय आणि आतडी हे जास्त खाणारे अवयव आधी कुरकुरतात.

२०१२ साली रॉसिग्नॉल आणि फ्राय या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी तोवर झालेले अभ्यास एकत्र करून मांडले. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी सुमारे ५ टक्के मुलांत मायटोकॉन्ड्रियाचा खरा, निदान करता येण्याजोगा आजार आढळला होता. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण फारच मोठं आहे. त्याशिवाय रक्तातलं लॅक्टेट (पेशीत ऊर्जा नीट तयार होत नसली की वाढणारा पदार्थ) वाढलेलं असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. आधी २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या दहा मुलांच्या रक्तपेशी तपासून ऊर्जानिर्मितीत उणीव दाखवली होती. तो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो, फक्त मुलं दहाच होती हे सांगायचं राहून जातं.

म्हणजे आजार वेगळा आणि कामातली कमतरता वेगळी. शंभरातल्या सुमारे पाच मुलांना आजार असेल, म्हणजे पंचाण्णवांना नसेल. त्यातल्या काहींच्या रिपोर्टात कमतरतेच्या खुणा दिसतील, पण त्या खुणा ऑटिझमचं कारण आहेत, परिणाम आहेत की निव्वळ शेजारी आहेत, हे अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण घराघरात ती नको तिथे जाते. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यात फक्त ३७ जनुकं असतात आणि तो आईकडून येतो. एवढंच अर्धवट वाचून "म्हणजे सगळं आईकडून आलं" असं म्हणणारे नातेवाईक निघतात. मायटोकॉन्ड्रिया चालवणारी बाकी हजारभर जनुकं पेशीकेंद्रात असतात आणि ती आई-वडील दोघांकडून येतात. लहानपणी दिसणाऱ्या या आजारांपैकी मोठा भाग त्याच जनुकांमुळे होतो.

पहिली पायरी : आपल्या मुलात तशा खुणा आहेत का ते पाहा

डोळ्यांत डोळे न घालणं, उशिरा बोलणं, हात फडफडवणं या ऑटिझमच्या खुणा झाल्या. त्यांवरून मायटोकॉन्ड्रियाबद्दल काहीच कळत नाही. शंका घ्यावी अशा गोष्टी वेगळ्या आहेत.

ताप किंवा जुलाब झाल्यावर मूल मागे गेलं, येत असलेले शब्द किंवा चालणं गमावलं, आणि असं एकदा नव्हे तर पुन्हा झालं. बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर दमतं, जिना अर्ध्यावर आला की कडेवर घे म्हणतं, दुपारनंतर गळून जातं. अंग सैल, बसताना पाठीला पोक. वजन-उंची वाढत नाही. फिट्स येतात. पापण्या खाली झुकलेल्या, ऐकू कमी येतं, हृदयाची तक्रार आहे, जुनाट बद्धकोष्ठता किंवा उलट्या आहेत. यातली एखादी गोष्ट पुष्कळ मुलांत सापडेल. शंका बळावते ती तीन-चार वेगवेगळ्या अवयवांच्या तक्रारी एकाच मुलात एकत्र दिसल्यावर, आणि आजारपणात मागे जाण्याची कहाणी असल्यावर.

यातलं काहीच नसेल, मूल दिवसभर घर डोक्यावर घेत असेल आणि वाढ व्यवस्थित असेल, तर थेट चौथ्या पायरीवर गेलात तरी चालेल. तिथली तपासणी प्रत्येकालाच लागू आहे.

खुणा असतील तर बालरोगतज्ज्ञांकडून पीडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टकडे किंवा चयापचयाच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथून सुरुवात करता येते. मुंबईचं केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. बेंगळुरूची निम्हान्स आणि हैदराबादची सीसीएमबी या संस्थांत मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर बरीच वर्षं काम चालू आहे. जाताना आजारपणांची तारीखवार नोंद आणि जुने मोबाइल व्हिडिओ न्या. ताप येण्याआधीचा आणि नंतरचा व्हिडिओ डॉक्टरांना पाच मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

दुसरी पायरी : चाचण्या आधी, सप्लिमेंट नंतर

कार्निटीन सुरू करून महिनाभराने रक्तातलं कार्निटीन मोजलं तर ते चांगलंच येणार. मग मुलाला खरोखर कमतरता होती का, हे कायमचं गुलदस्त्यात राहतं. बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) जास्त असलेल्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडसारख्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. म्हणून आधीपासून काही चालू असेल तर ते डॉक्टरांना बाटलीसकट दाखवा आणि चाचणीआधी किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा. फिट्सचं औषध मात्र स्वतःहून कधीही बंद करू नका.

पहिल्या फेरीत साधारण या तपासण्या सांगतात : लॅक्टेट आणि पायरुवेट, अमोनिया, यकृताच्या चाचण्या, स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी सीपीके, रक्तातली अमिनो अ‍ॅसिडं, एकूण आणि मुक्त कार्निटीन, लॅबच्या भाषेत टीएमएस म्हणतात ती अ‍ॅसिलकार्निटीन चाचणी, आणि लघवीतल्या ऑरगॅनिक अ‍ॅसिडांची जीसीएमएस. त्यातून काही निघालं किंवा शंका दाट असली तर एक्झोम (जनुकांचे प्रथिनं बनवणारे सगळे भाग) आणि मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची जनुकीय तपासणी होते. स्नायूचा तुकडा काढून तपासायची वेळ आता पूर्वीइतकी येत नाही.

लॅक्टेटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घोळ इथेच होतो. मूल रडलं, हातपाय झाडले, दंडाचा पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, नमुना बाहेर तसाच पडून राहिला, तर लॅक्टेट खोटंच वाढलेलं दिसतं. आपली मुलं सुई पाहून शांत बसतील ही अपेक्षा करणंच फोल आहे! त्यामुळे एकदा वाढलेल्या आकड्यावर निदान करू नका आणि घाबरूही नका. जिथे लगेच प्रक्रिया होते अशी रुग्णालयाची लॅब निवडा, घरी येऊन रक्त नेणारी सेवा या एका चाचणीसाठी नको. दंडाचा पट्टा न बांधता किंवा थोडाच वेळ बांधून रक्त घ्यायला सांगा. नमुना फ्लोराइडच्या करड्या झाकणाच्या नळीत आणि बर्फात ठेवून जातो की नाही ते विचारा. सुन्न करणारं मलम तासभर आधी लावलं आणि आवडीचा व्हिडिओ समोर धरला तर निम्मं युद्ध जिंकलंच. रिपोर्टवर "नमुना घेताना मूल खूप रडलं" असं लिहून घ्या. सहा महिन्यांनी दुसरे डॉक्टर तो कागद पाहतील तेव्हा ही एक ओळ कामाला येते.

केसांतल्या खनिजांची चाचणी, एका थेंबात शंभर गोष्टी सांगणारं यंत्र, "मायटोकॉन्ड्रिया स्कोअर" असले प्रकार सोडून द्या.

तिसरी पायरी : डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहून घ्या

उत्तर तीनपैकी एक असेल. आजार सिद्ध झाला, आजार नाही, किंवा नक्की सांगता येत नाही पण काही आकडे इकडे-तिकडे आहेत. पहिल्या प्रकारात सप्लिमेंट हा उपचाराचाच भाग होतो आणि त्याचे निर्णय तज्ज्ञच घेतात. दुसऱ्यात मायटोकॉन्ड्रियाच्या नावाने काही देण्याचं कारण उरत नाही. पुष्कळ घरं तिसऱ्या प्रकारात अडकतात आणि लेखाचा पुढचा भाग मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

चौथी पायरी : साध्या कमतरता भरून काढा

भारतात २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाचं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी ३२ टक्के मुलांत लोहाची आणि १४ टक्के मुलांत बी-१२ ची कमतरता आढळली. किशोरवयीन मुलामुलींत बी-१२ ची कमतरता ३१ टक्के होती. ही सर्वसाधारण मुलं. पांढरा भात, बिस्किट आणि एकाच कंपनीचे वेफर्स एवढंच खाणाऱ्या आपल्या मुलांची कल्पना करा.

मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणारी जी साखळी असते तिच्यातल्या अनेक कड्यांत लोह असतं. शरीराला स्वतःचं कार्निटीन बनवायलाही लोह लागतं. म्हणजे फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) तळाला गेलेल्या मुलाला महागडं क्यू-१० देणं म्हणजे टाकीत पाणी नसताना नवा नळ बसवणं. दिवसाला लिटरभर दूध पिऊन जेवण टाळणाऱ्या मुलात लोह कमी असण्याची शक्यता खूप असते, आणि दूध पितोय म्हणून घरचे निर्धास्त असतात.

बी-१२ चा मुद्दा शाकाहारी घरांसाठी विशेष महत्त्वाचा. बी-१२ कमी असलं की लघवीत मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड वाढतं आणि जीसीएमएसचा रिपोर्ट एखाद्या गंभीर चयापचयाच्या आजारासारखा दिसू शकतो. बी-१२ भरून काढलं की तोच रिपोर्ट सुधारतो. शिवाय बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक किंवा फोलिनिक अ‍ॅसिड दिलं तर रक्ताचे आकडे सुधारल्यासारखे दिसतात आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहू शकतं. म्हणून फोलेट सुरू होण्याआधी बी-१२ ची पातळी हातात हवीच.

सीबीसी, फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइड एवढ्या चाचण्या साध्या लॅबमध्ये होतात. यातली कमतरता निघाली तर ती भरून यायला दोन-तीन महिने द्या आणि मुलाकडे पुन्हा पाहा. कधी कधी थकवा आणि चिडचिड इथेच कमी होते आणि पुढच्या यादीची गरजच उरत नाही.

पाचवी पायरी : यादीतली नावं एकेक करून

मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०१५ मध्ये एकमताने काही शिफारशी केल्या. त्या सिद्ध झालेल्या आजारासाठी आहेत, ऑटिझमसाठी नाहीत. त्यांत क्यू-१०, रायबोफ्लेविन आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड द्यावं असं म्हटलं आहे, कार्निटीन मात्र रक्तात कमी आढळलं तर द्यावं असं. आणि हे सगळं शक्यतो एका वेळी एकच सुरू करावं. त्यांनीही पुरावा तुटपुंजा असल्याचं कबूल केलं आहे.

*एल-कार्निटीन.* चरबीतली आम्लं मायटोकॉन्ड्रियाच्या आत पोचवायला ते लागतं. मटण आणि दुधातून मिळतं. शाकाहारी घरात कमी मिळत असलं तरी लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो अ‍ॅसिडांपासून शरीर ते स्वतः बनवतं, त्यामुळे शाकाहारी म्हणजे कमतरता असं समीकरण मांडू नका. टीएमएलएचई नावाच्या जनुकात दोष असलेल्या काही मुलग्यांत मात्र हे बनवण्याची पहिलीच पायरी अडते. ऑटिझममध्ये २०११ आणि २०१३ मध्ये याच्या दोन छोट्या चाचण्या झाल्या, दोन्हींत तीसतीसच मुलं. पहिलीत दर किलो वजनाला रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने, दुसरीत १०० मिलिग्रॅम सहा महिने. दोन्हींत थोडी सुधारणा दिसली. जुलाब, मळमळ आणि घामाला-लघवीला येणारा माशांसारखा वास हे त्रास ठरलेले. वास डोस कमी केल्यावर बहुधा जातो. फिट्स येणाऱ्या मुलात हे न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको. उलट व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध चालू असेल तर शरीरातलं कार्निटीन कमी होतं, त्यामुळे तिथे पातळी मुद्दाम मोजावी.

हिशेब करताना चूक होते म्हणून एक उदाहरण. मूल १६ किलोचं, डोस किलोला ५० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ८०० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत ५०० मिलिग्रॅमचं असेल तर दिवसाचे ८ मिली झाले, तेही दोन किंवा तीन वेळांत विभागून. बाटली बदलली की ताकद बदलू शकते, दर वेळी लेबल वाचा. घरातला चमचा वापरू नका.

*कोएन्झाइम क्यू-१०.* युबिक्विनोन आणि युबिक्विनॉल असे दोन प्रकार मिळतात. दुसरा जास्त शोषला जातो, म्हणून त्याचा डोस कमी असतो आणि किंमत जास्त. एकाचा डोस दुसऱ्याला लावू नका. स्निग्ध पदार्थाबरोबर घेतलं तरच अंगी लागतं, तेव्हा तूप-भाताच्या किंवा दुधाच्या वेळेशी जोडा. सकाळी किंवा दुपारी द्या, काही मुलांची रात्रीची झोप उडते. परिणाम दिसायचा असेल तर काही आठवडे जावे लागतात.

*बी गटातली जीवनसत्त्वं.* रायबोफ्लेविनने लघवी गडद पिवळी होते, घाबरायचं कारण नाही. बी-६ कडे मात्र लक्ष हवं. ते जास्त प्रमाणात बरेच महिने घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते, आणि न बोलणारं मूल मुंग्या येतात हे सांगू शकत नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स आणि "ब्रेन टॉनिक" अशा तीन बाटल्यांत मिळून बी-६ किती जातंय याची कागदावर बेरीज करा. ए आणि डी जीवनसत्त्वांचीही करा, तीही अंगात साठतात.

*फोलिनिक अ‍ॅसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन.* सध्या सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. काही मुलांत फोलेट मेंदूत नेणाऱ्या रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि रक्तात भरपूर फोलेट असूनही मेंदूत ते कमी पडतं. फोलिनिक अ‍ॅसिड दुसऱ्या वाटेने आत जाऊ शकतं. फ्राय यांच्या गटाने ४८ मुलांवर केलेल्या चाचणीत किलोला २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त रोज ५० मिलिग्रॅम असा डोस होता. बोलण्यात सुधारणा दिसली आणि अँटिबॉडी असलेल्या मुलांत ती जास्त ठळक होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मेंदूतल्या फोलेट-कमतरतेसाठी या औषधाला मान्यता देण्याची घोषणा केली आणि आपल्याकडेही ग्रुप गजबजले. मात्र सरसकट प्रत्येक ऑटिस्टिक मुलाला ते द्यावं असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणत नाही. हे कॅन्सरच्या उपचारात वापरलं जाणारं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. चिडचिड, जास्त उड्या मारणं आणि झोप मोडणं हे त्रास होतात. फेनिटोइन आणि फेनोबार्बिटोन या फिट्सच्या औषधांचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो. साधं फोलिक अ‍ॅसिड त्याच्या जागी चालत नाही.

*अल्फा लिपोइक अ‍ॅसिड.* मुलांसाठी मी हे यादीत शेवटी ठेवते. रक्तातली साखर उतरवू शकतं, आणि लहान मुलाने चुकून बऱ्याच गोळ्या खाल्ल्या तर फिट्स येऊ शकतात. देत असाल तर बाटली कुलपात ठेवा.

सहावी पायरी : एका वेळी एक, आणि वहीत नोंद

सुरू करण्याआधी दोन आठवडे काहीही न देता नुसती नोंद ठेवा. मोजता येतील अशा तीन-चारच गोष्टी निवडा : किती जिने न थांबता चढतो, दुपारी झोपतो का, थेरपीत किती मिनिटं टिकतो, रात्री किती वेळा उठतो, शौचाला कसं होतं. "एकंदर बरं वाटतंय" ही नोंद नव्हे. मग ठरलेल्या डोसच्या चौथाई-निम्म्यापासून डॉक्टर सांगतील तसं वाढवत न्या. त्याच महिन्यात नवी थेरपी, नवी शाळा, ग्लुटेन बंद असलं काही करू नका. दिवाळीची सुट्टी आणि मामाचं गाव हाही मोठा बदल असतो, तेव्हा सुट्टी संपू द्या.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. १९९० च्या दशकाच्या शेवटी सिक्रेटिन नावाच्या हार्मोनच्या इंजेक्शनने ऑटिझमची मुलं बोलू लागली अशा बातम्या आल्या आणि अमेरिकेत पालकांची रांग लागली. १९९९ मध्ये ६० मुलांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना सलाइनचं पाणी, कुणाला काय ते पालकांनाही माहीत नाही. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. पुढे तर, फरक नाही हे सांगितल्यावरही जवळपास ७० टक्के पालकांना ते औषध हवंच होतं. मुलं वाढत असतात, थेरपी चालू असते, आणि आपण आशेने बघत असतो. आशेला वहीच आवर घालते.

यावर सोपी युक्ती अशी की घराबाहेरच्या एकाला नवीन काय सुरू केलंय ते सांगायचं नाही. शाळेतल्या ताईंना किंवा ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) थेरपिस्टना दर शुक्रवारी दोन गोष्टींवर पाचपैकी गुण द्यायला सांगा आणि कारण नंतर सांगेन म्हणा. त्यांच्या गुणांत फरक दिसला तर तो धरून चाला.

थांबण्याची तारीखही सुरुवातीलाच वहीवर लिहा. कार्निटीन किंवा क्यू-१० ला तीन महिने पुरेसे आहेत. फरक नसेल तर डॉक्टरांना विचारून बंद. फरक वाटत असेल तरी एकदा थांबवून बघता येईल का ते विचारा. सिद्ध झालेल्या आजारात मात्र स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही.

सातवी पायरी : पोटात कसं जाणार

मूल तीनच पदार्थ खात असेल तर त्या तिन्हींत औषध कधीही लपवू नका. दह्यातला बदललेला वास त्याला कळला की दही कायमचं सुटतं, आणि उरतात दोनच पदार्थ. औषध हे औषध म्हणूनच द्या, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू, आणि लगेच आवडीचा घोट. चित्रांचं वेळापत्रक वापरत असाल तर सिरिंजचं चित्र त्यात लावा. कॅप्सूल फोडून चालेल का ते औषधाच्या दुकानात नाही, डॉक्टरांना विचारा. गमीज मुलांना आवडतात, पण त्यात साखर जास्त आणि मात्रा थोडी असते, शिवाय खाऊ समजून मूठभर खाल्ल्या जातात.

आठवी पायरी : विकत घेताना

कार्निटीन आणि फोलिनिक अ‍ॅसिड औषध म्हणून मिळतात, तेव्हा तीच घ्या. त्यांच्यावर औषधाचे नियम लागू असतात. बाकीचं पूरक अन्न म्हणून विकलं जातं, त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेलं असतं. अमेरिकेहून बाटल्या येणार असतील तर तिकडची म्हणून उत्तमच असं समजू नका. १९९४ च्या कायद्याप्रमाणे तिथे सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी परिणाम सिद्ध करावा लागत नाही. यूएसपीसारख्या (औषधांची मानकं ठरवणारी अमेरिकेतली संस्था) स्वतंत्र तपासणीची खूण आहे का ते मावशीला बघायला सांगा. आणि समोर छापलेला आकडा एका कॅप्सूलचा की दोन-तीन मिळून, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. "खास मिश्रण" असं लिहून प्रत्येक घटकाचं प्रमाण न दिलेली बाटली परत करा.

मूल न तपासता पहिल्याच भेटीत दहा बाटल्या लिहून देणारे आणि त्याच काउंटरवर विकणारे यांच्यापासून लांब राहा. तिथूनच पुढे कीलेशन (औषध देऊन शरीरातले धातू बाहेर काढणं), क्लोरीन डायऑक्साइड या ब्लीचसारख्या रसायनाचे थेंब असल्या घातक गोष्टींची शिफारस होते. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात कीलेशनचं इंजेक्शन दिल्यावर ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता.

नववी पायरी : तापाच्या दिवसांची तयारी

आजार सिद्ध असो की दाट शंका असो, सगळ्या सप्लिमेंट्सपेक्षा ही पायरी मी वर ठेवीन. अशा मुलाचं खरं नुकसान होतं ते ताप, उपाशी पोट आणि पाणी कमी पडणं एकत्र आल्यावर.

रोजच्या दिवशीही जेवणांत फार मोठं अंतर पडू देऊ नका. झोपण्याआधी पोटात काहीतरी जाऊ द्या. आजीबरोबर एकादशी करण्याचा हट्ट मोठ्या मुलाने केला तर साबुदाण्याची खिचडी खुशाल द्या, नुसत्या पाण्यावर ठेवू नका. तापात जेवण सुटलं तर साखर घातलेली पेज, ओआरएस, जे चालेल ते थोडं थोडं आणि सतत. उलट्यांमुळे तेही टिकत नसेल तर वाट न बघता रुग्णालय गाठा, तिथे ग्लुकोजचं सलाइन लागू शकतं. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे ठरलेल्या मात्रेत चालतं, दोनदोन सिरपांतून दुप्पट जाऊ देऊ नका. एमआरआय किंवा दातांसाठी भूल द्यायची असेल तर उपाशी राहण्याचा वेळ कमी ठेवता येईल का आणि त्या काळात ग्लुकोज चालू ठेवायचं का, हे भूलतज्ज्ञांशी आदल्या दिवशीच बोला. लसी टाळू नका. ज्या मुलाला तापाचाच धोका आहे त्याला गोवर किंवा फ्लू होणं लशीच्या एक दिवसाच्या कणकणीपेक्षा कितीतरी महाग पडतं. लशीनंतरच्या तापाचं काय करायचं ते मात्र आधी विचारून ठेवा.

आणि डॉक्टरांकडून एक पानाचं आपत्कालीन पत्र लिहून घ्या. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत असलेल्या शिकाऊ डॉक्टरला तुमची फाइल वाचायला वेळ नसतो. पत्रात मुलाचं निदान किंवा शंका, वजन, चालू औषधं आणि सप्लिमेंट्स मात्रेसह, कोणतं सलाइन द्यायचं आणि कोणतं टाळायचं, व्हॅल्प्रोएटसारखी कोणती औषधं विचारल्याशिवाय द्यायची नाहीत, कोणत्या चाचण्या लगेच करायच्या आणि कुणाला फोन करायचा, एवढं असावं. मूल बोलत नसेल आणि अनोळखी स्पर्शाने बिथरत असेल तर तेही एका ओळीत. एक प्रत दप्तरात, एक शाळेत, एक आजी-आजोबांकडे आणि फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. वजन दोन किलोंनी वाढलं किंवा औषध बदललं की पत्र नवीन करून घ्या आणि जुन्या प्रती फाडून टाका.